धान्याचं बोलावणं

तीळ भाजायला घेतले की माझं मन थाऱ्यावर राहत नाही. कढईत ते तडतडू लागतात, चार-दोन उडून ओट्यावर पडतात, मी गॅस बारीक करून गॅलरीत जाते, खाली बघते, परत येते, गॅस मोठा करते आणि पुन्हा गॅलरीत जाते. "तीळ भाजतेस की पहारा देतेस?" असं मिलिंद दरवर्षी विचारतो. नवऱ्याच्या ठरावीक विनोदांचं एक बरं असतं, त्यांना उत्तर द्यावं लागत नाही. यंदा मात्र एक घाणा करपला, घरभर कडवट वास पसरला, तेव्हा तोच उठून आला आणि त्याने माझ्या हातातून उलथनं काढून घेतलं.

तसं बघितलं तर या दिवसांत वैतागण्यासारखं काही नसतं. पौषातली नाशिकची हवा म्हणजे खरं तर सुख. सकाळी पहिल्या शिफ्टला निघालेली माणसं कानटोप्या घालून गार पडलेल्या मोटरसायकलींना किका मारत असतात. त्र्यंबक रोडला द्राक्षांच्या हातगाड्या दिसायला लागतात. द्राक्षं अजून आंबटच असतात, तरी आपण घेतो आणि घरी येऊन एक डोळा मिटत खातो. भोगीच्या भाजीसाठी वाल, पावटा, गाजर, वांगी, ओला हरभरा असा सगळा वाटा एकाच पिशवीत मिळतो. तारांवर पतंग अडकलेले असतात. सगळं कसं भरलेलं असतं. आणि नेमकं त्या भरलेपणातच मला काहीतरी टोचत राहतं, चपलेत खडा गेल्यासारखं. चालता तर येतं, पण लक्ष सगळं त्या खड्याकडे.

परवा कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज आला. यंदाही मुलांना धान्यघराच्या कामात सहभागी करून घ्यायचं आहे, लहान वयात देण्याचा संस्कार व्हायला हवा, इच्छुक पालकांनी नावं कळवावीत. खाली हात जोडलेले, अंगठे वर केलेले, फुलं, सगळं काही. मी उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. आतल्या खोलीत रेवा, आमची मुलगी, दहावीच्या पूर्वपरीक्षेचा अभ्यास करत होती. तिला विचारावं असं वाटलं आणि विचारायची हिंमत झाली नाही.

धान्यघर म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. सातपूरच्या आमच्या कॉलनीच्या फाटकाजवळ वॉचमनची खोली आहे. कॅमेरे बसल्यावर ती रिकामी पडली. तिथे दोन लोखंडी रॅक आणून ठेवले आणि ज्याला जमेल त्याने तांदूळ, डाळ, गहू, तेलाची पिशवी असं काहीबाही आणून ठेवायचं ठरलं. रविवारी सकाळी खोली उघडायची आणि ज्याला लागेल त्याने घेऊन जायचं. मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी करते. मला रिकामं रॅक बघवत नाही आणि विस्कटलेलं तर त्याहून बघवत नाही. त्यामुळे मांडामांड आपोआप माझ्याकडे आली. डब्यांना चिठ्ठ्या लावणं, जुना माल पुढे आणि नवा मागे, किडे होऊ नयेत म्हणून कडुनिंबाचा पाला, हे सगळं मी इतकं मनापासून करायचे की मिलिंद म्हणायचा, या खोलीला लवकरच आयएसओ मिळणार.

बाकी सगळं शिंदेकाकूंचं. तिसऱ्या मजल्यावर राहतात, कॉलनीतलं हळदीकुंकू, गणपती, कोजागिरी सगळं त्यांच्या शब्दावर चालतं. मन मोठं आणि आवाज त्याहून मोठा. पहिले काही रविवार खोलीकडे कुणी फिरकेना, तेव्हा त्याच म्हणाल्या, "अगं सुनीता, बोर्ड लावून कोण येतं? बोर्ड वाचला की माणसाला वाटतं, हे सरकारी काम, कागद मागतील. बोलावणं द्यायला पाहिजे. पोरांना पाठवू. संक्रांतीचं बोलावणं कुणी मोडत नाही."

मला ते एकदम पटलं. पटण्याचं कारण माझ्या लहानपणात होतं. पंचवटीत आमच्या गल्लीत संक्रांत ते रथसप्तमी रोज कुणाकडे तरी हळदीकुंकू असायचं आणि बोलावणी करायचं काम आम्हा मुलींचं. परकर-पोलकं घालून, वेणीला गजरा माळून, मैत्रिणीचा हात धरून दारोदार जायचं आणि उंबऱ्यात उभं राहून खणखणीत आवाजात सांगायचं, "आमच्याकडे संध्याकाळी हळदीकुंकवाला या!" पुटपुटलेलं चालायचं नाही. आई बजावून पाठवायची, नीट मोठ्याने सांग, नाहीतर आग्रह नाही असं वाटतं. शेजारच्या दारालाही ऐकू गेलं पाहिजे इतक्या मोठ्याने. त्या ओरडण्यात एक मजा होती. आपण लहान आहोत आणि तरी मोठ्या बायका पदर सावरत आपल्यापुढे येऊन उभ्या राहतात, "येते हं, सांग आईला" म्हणतात, हातावर साखर ठेवतात. अजूनही कुठे परकर-पोलक्यातली मुलगी दिसली की माझ्या जिभेवर ती साखर येते.

तर त्या वर्षी कॉलनीतली मुलंमुली नवे कपडे घालून, तिळगुळाचे डबे घेऊन पाटाकडेच्या वस्तीत बोलावणं द्यायला गेली. रेवा तेव्हा दहा वर्षांची होती. जाताना तिने काळं परकर-पोलकं घातलं होतं. शिंदेकाकूंनी मुलांना फाटकात रांगेत उभं करून शिकवलं, "हात जोडायचे, तिळगूळ द्यायचा आणि मोठ्याने सांगायचं, रविवारी आमच्याकडे धान्याला या, पिशवी घेऊन या." मुलं एका सुरात म्हणाली. वस्तीतल्या बायका हसल्या, तिळगूळ घेतला, काहींनी उलट मुलांच्या हातावर चुरमुरे ठेवले. पुढच्या रविवारी आल्यासुद्धा. वस्तीपुरतं सगळं छान होतं.

पण रेवाच्या डब्यात तिळगूळ उरला होता.

आमच्याच इमारतीत, शिंदेकाकूंच्या समोरच्या घरात, जान्हवी राहायची. रेवाच्या वर्गात, एका बाकावर. जान्हवीचे वडील सातपूरच्याच एका कारखान्यात होते, तो बंद पडला होता. ते आम्हाला ठाऊक होतं आणि नव्हतंही. म्हणजे कारखाना बंद पडला हे ठाऊक होतं, त्यानंतर त्यांच्या घरी काय चाललंय हे कुणी विचारलं नव्हतं. रेवाला मात्र माहीत होतं. मधल्या सुट्टीत जान्हवीच्या डब्यात आधी भाजी दिसेनाशी झाली, मग नुसती पोळी आणि गूळ, मग एके दिवशी डबाच नाही. "मला भूक नाही," असं ती म्हणायची आणि रेवा आपला डबा मध्ये ठेवायची. हे मला पुढे कळलं. मुलं सांगत नाहीत, त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही.

वस्तीतून परत येताना रेवा एकटीच तिसऱ्या मजल्यावर गेली. तिच्या डोक्यात हिशेब सरळ होता. बोलावणं म्हणजे मान, आणि सगळ्यांना दिलं तर आपल्या मैत्रिणीला कसं टाळायचं? तिने बेल दाबली. जान्हवीची आई, वैशाली, दारात आली. रेवाने हात जोडले, तिळगूळ दिला आणि शिकवल्याप्रमाणे, जिना घुमेल अशा आवाजात म्हणाली, "वैशालीकाकू, रविवारी आमच्याकडे धान्याला या! पिशवी घेऊन या!"

समोरचं दार उघडं होतं. शिंदेकाकू बाहेर आल्या. त्यांच्या मनात काळजीच होती, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण काळजीसुद्धा त्यांच्या आवाजात यायची. "अगंबाई, वैशाली! तुमच्याकडे इतकी अडचण आहे? मग बोलायचं नाही का गं?" वरच्या मजल्यावरचं कुणीतरी कठड्यावरून वाकलं. खालून येणारं कुणीतरी पायरीवर थांबलं. वैशाली म्हणाली, "नाय ओ काकू. पोरगी चुकून आली." तिने रेवाच्या गालावरून हात फिरवला आणि दार लावून घेतलं. दाराच्या मागे जान्हवी उभी होती.

दुसऱ्या दिवशी जान्हवी दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

त्या वर्षीचे संक्रांतीनंतरचे दिवस आठवले की मला पहिल्यांदा रेवाची पावलं ऐकू येतात. ती घरात नुसती फिरायची. खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून दारापर्यंत, दाराला कान लावून जिन्यावरची चाहूल घ्यायची, परत खोलीत. डबा भरलेला परत यायचा. "अर्धा तिचा असतो ना," एवढंच म्हणायची. मी तिला समजावलं, तू काही वाईट केलं नाहीस, मोठ्यांच्या गोष्टी असतात, होईल सगळं ठीक. ती माझ्याकडे अशी बघायची की माझं वाक्य अर्ध्यातच थांबायचं. तिला सांत्वन नकोच होतं, तिला जान्हवी हवी होती.

मी एका संध्याकाळी पिशवी भरली आणि वर गेले. पदराखाली झाकून नेली, कारण समोरचं दार नेहमीसारखं उघडं. वैशालीने मला आत घेतलं. नांदगावकडची बाई, बोलणं मोकळं, पण त्या दिवशी शब्द जपून वापरत होती. "बसा ना ताई, चहा टाकते." चहा कोरा आला. ती म्हणाली, "कोराच चांगला, पित्त नाय होत." मी मान हलवली. मान हलवता हलवता माझी नजर गेलीच. स्टोअरमध्ये आयुष्य गेलेल्या बाईची नजर फळीवर जाणारच. मांडणीवरचे डबे स्वच्छ घासून पालथे घातले होते. एक नाही, ओळच्या ओळ. उतरत्या उन्हात चमकत होते. मला एकदम रडू फुटेल असं वाटलं आणि मी चहाचा मोठा घोट घेतला, तो जीभ भाजत आत गेला.

पिशवी मी पायाशी ठेवली होती. तिने ती हळूच माझ्याकडे सरकवली. "राहू द्या ताई. नांदगावहून दिराकडून ज्वारी येणार हाय."

"येईपर्यंत तरी ठेवा. कुणाला कळणार नाही."

"कळायचं काय राहिलं आता?" ती हसली. तिच्या त्या हसण्याने मला अजून जास्त लागलं. "ह्यांना समजलं तर घरात थांबणार नायत. अन् जानू... मधी दोन दिस शाळेत जाईना झाली होती. लय समजावून पाठवली. तिला वाटतं, सगळे तिच्याकडंच बघत्यात." मग थोडं थांबून म्हणाली, "रेवावर राग नाय माझा. पोरगी मायेनं आली होती. पण ताई, बोलावणं दिलं ते मला एकटीलाच दिलं ना ह्या जिन्यात?"

मी पिशवी घेऊन खाली आले. येताना ती झाकायची मला आठवण राहिली नाही.

हे लिहिताना मी चार वेळा उठले. एकदा दूध उतू जाईल म्हणून, एकदा कुणी बेल वाजवली असं वाटलं म्हणून, बाकी दोन वेळा उगाच. लोक म्हणतात, दिलं की मनाला शांती मिळते. मला अजून तरी ती मिळालेली नाही. दिलं की मला झोप कमी येते. आपण मुलांना द्यायला शिकवतो म्हणजे नेमकं काय शिकवतो? मूठभर तांदूळ काढून ठेवणं सोपं आहे, ते कुणीही शिकतं. पण त्या मुठीबरोबर मूल हेही शिकतं की जगात टेबलाच्या दोन बाजू असतात आणि आपली ही आहे. ग्रुपवर फोटो यायचे, मुलं हसऱ्या चेहऱ्याने पिशव्या देताहेत आणि समोरची बाई कॅमेऱ्याकडे बघू की पिशवीकडे, अशी गोंधळलेली. मी त्या फोटोंना फुलं पाठवायचे.

गंमत म्हणजे हे सगळं आम्हा शहाण्यांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. ते आलं रेवाच्या, आणि तेही जेवताना. बाजरीची भाकरी ताटात तशीच होती. ती म्हणाली, "आई, आपण का नाही घेत?"

"काय?"

"धान्यघरातून. आपण पण घेऊ या ना."

मिलिंद म्हणाला, "अगं, आपण तिथे ठेवतो. आपल्याकडे आहे."

"मग हळदीकुंकवाला आई सगळ्यांना वाण देते आणि सगळ्यांकडून घेते पण. तिच्याकडे आहेत की वाट्या. तरी घेते."

"ते वेगळं, बाळा," मी म्हणाले. "हे धान्य ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी आहे."

रेवाने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "म्हणूनच. जो घेईल त्याच्याकडे नाही, हे सगळ्यांना कळतं. म्हणून जानू येत नाही." मिलिंदने माझ्याकडे बघितलं, मी आमटीच्या पातेल्याकडे बघितलं. आम्ही दोघांनी तो विषय तिथेच सोडला, म्हणजे आम्हाला तसं वाटलं.

रविवारी मी नेहमीप्रमाणे टेबलामागे उभी होते, हातात माप. शिंदेकाकू शेजारी डाळ देत होत्या. वस्तीतल्या बायका, कंत्राटी कामावरचे दोन-तीन बाप्ये, एक म्हातारे गृहस्थ, अशी रांग. ऊन कोवळं होतं. मी खाली मान घालून तांदूळ भरत होते. समोर एक पिशवी उघडली गेली, ती ओळखीची वाटली. आमच्याच घरातली, निळ्या काठांची. वर बघितलं तर रेवा.

"काय गं, काही निरोप आहे का?"

"नाही. धान्य."

शिंदेकाकू हसल्या. "अगं, खेळायचं असेल तर इकडे ये आमच्या बाजूला. पोरांनी पिशव्या धरायच्या आहेत."

रेवा हलली नाही. तिचे कान लाल झाले होते, पण पिशवीचं तोंड तिने तसंच उघडं धरलं होतं. "मी नंबर लावलाय," ती म्हणाली. तिच्या मागे कडेवर मूल घेतलेली एक बाई होती, ती वैतागून म्हणाली, "द्या ना बाई पोरीला, आमचा खोळंबा होतोय." मी माप भरलं. माझ्या पोरीच्या पिशवीत मी माझ्या हाताने दानाचे तांदूळ ओतले. शिंदेकाकूंचा हात डाळीच्या डब्यावर थांबला होता, मग त्यांनीही ओतली. रेवाने पिशवी दोन्ही हातांनी उचलली आणि फाटकापासून इमारतीपर्यंत, सगळ्या गॅलऱ्यांच्या देखत, चालत गेली.

रांगेच्या शेवटी डाळ कमी पडली. मिलिंद धावत दुकानात जाऊन घेऊन आला. हे मला अजूनही खुपतं. मुलगी जे करत होती त्याची किंमत रांगेतल्या शेवटच्या बाईने उन्हात ताटकळून दिली. त्या संध्याकाळी मिलिंदने गुपचूप जास्तीचं धान्य नेऊन रॅकवर ठेवलं. रेवाला ते कळलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "ते वेगळं."

आणि मग कॉलनी बोलायला लागली. बोलायला म्हणजे विचारायला. "मिलिंदभाऊ, कंपनीत सगळं ठीक ना?" "सुनीता, काही लागलं तर सांग हं, संकोच नको." एकीने तर माझ्या दारात येऊन जुने कपडे हवेत का म्हणून विचारलं. सगळ्यांचा हेतू चांगला. आणि मी जिन्यावरून जाताना पावलं न वाजवता जायला लागले. आम्हाला काहीसुद्धा कमी नव्हतं, फ्रिज भरलेला, पिंप भरलेलं, तरी कुणी दोघी बोलता बोलता मला बघून थांबल्या की माझ्या अंगाला चटका बसायचा. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, आमच्याकडे सगळं आहे हो! वैशालीला तर तेही ओरडता येत नव्हतं. मी रेवावर चिडले, खूप चिडले. "शोभा केलीस आमची," असं म्हणाले. ती म्हणाली, "जानूची झाली तेव्हा?" त्या रात्री तिच्या आग्रहाखातर त्याच तांदळाचा भात केला. चवीला चांगला होता. तरी माझंच ताट सगळ्यांत शेवटी रिकामं झालं.

पण जान्हवी काही परत रेवाच्या बाकावर आली नाही. रेवाने शाळेत तिला गाठून सांगितलं, "आम्ही पण धान्य आणलं." जान्हवी म्हणाली, "खोटं. तुम्ही नाटक करता." रेवा घरी येऊन दप्तर फेकून गॅलरीत उभी राहिली. मी मागे जाऊन उभी राहिले. समोर आभाळात पतंग होते, कुणाचा तरी कटला, पोरं ओरडत धावली. दोघींपैकी कुणीच त्याकडे बघितलं नाही.

"आई," ती म्हणाली, "मी एकटी गेले तर ते खेळल्यासारखं दिसतं. लहान मुलांचं कुणाला खरं वाटत नाही. तू ये ना रांगेत."

रविवारपर्यंत मी घरातली सगळी कपाटं आवरली, पुन्हा विस्कटली, पुन्हा आवरली. मला कशाची भीती वाटत होती? लोक काय म्हणतील याची? ते तर म्हणून झालंच होतं. आणखी एक होतं, ते सांगते. टेबलामागे उभं राहिलेलं मला आवडायचं. हातात माप असलं की माणूस सरळ उभा राहतो. ते खाली ठेवायचं माझ्या जिवावर आलं होतं.

आज संध्याकाळी रेवा पाणी प्यायला बाहेर आली. माझ्या हातात फोन, त्यावर अर्धवट लिहिलेलं उत्तर. तिने वाकून वाचलं. दहावीतली मुलं आईबापांचे फोन असे वाचतात, जणू उत्तरपत्रिका तपासताहेत. "पाठव की," ती म्हणाली. मी लिहिलं होतं, मुलांना जरूर घ्या, पण पिशव्या द्यायला उभं करायच्या आधी त्यांना एक रविवार पिशवी घेऊन रांगेत उभं करा, आईबापांसकट. "लोक चिडतील," मी म्हणाले. "चिडू दे," ती म्हणाली आणि पुन्हा आत जाऊन पुस्तकात डोकं घातलं. मी अजून पाठवलेलं नाही. पाठवीन. आधी तो रविवार सांगायचा राहिलाय.

रथसप्तमी जवळ आली होती, ऊन जरा तापायला लागलं होतं. मी खोली उघडली, रॅक पुसले, पोत्यांची तोंडं मोकळी केली. माणसं जमायला लागली. शिंदेकाकू आल्या तेव्हा मी माप त्यांच्या हातात दिलं आणि टेबलाला वळसा घालून बाहेर आले. "कुठे चाललीस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नंबर लावायला." त्यांचं तोंड उघडं राहिलं. इतक्या वर्षांत त्यांना आवाज न फुटल्याचं मी तेवढं एकदाच बघितलं.

रांगेत उभं राहिल्यावर पहिल्यांदा कळत नाही ते हे, की बघायचं कुठे. समोरच्याच्या पाठीकडे बघावं तर ती पाठ आखडते. टेबलाकडे बघावं तर घाई झाल्यासारखं दिसतं. गॅलऱ्यांकडे तर बघवतच नाही. मी पिशवीची घडी घातली, आणखी एक घडी, ती मुठीत मावेल इतकी लहान केली. रेवाने माझा दुसरा हात धरला होता. तिचा तळवा घामाने ओला होता. उन्हाने डोळे दिपत होते. आमच्या पुढे मागच्या वेळची ती मूल कडेवर घेतलेली बाई होती. तिने वळून माझ्याकडे बघितलं, ओळखलं, खालपासून वरपर्यंत पुन्हा बघितलं आणि मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडी होती की बंद, ते मला पाहायचं होतं आणि मी पाहिलं नाही. आपण हे कशासाठी करतोय, कुणाला काय फरक पडणार आहे, उगाच पोरीच्या नादाला लागलो, असं सगळं डोक्यात फिरत होतं. मला तिथून पळून जायचं होतं. मनापासून सांगते, पळून जायचं होतं.

मागे चपलांचा आवाज आला. मोठ्या माणसाच्या आणि एका मुलीच्या. थांबला. रेवाची बोटं माझ्या हातात घट्ट झाली, पण तिने मान वळवली नाही, मीही नाही. वरच्या कुठल्याशा गॅलरीत कुणीतरी कपडे झटकत होतं, तेवढाच आवाज.

मग वैशालीने विचारलं, "शेवटी कोण हाय?"

"मी," मी म्हणाले. "माझ्या मागे या."

त्या दोघी मागे येऊन उभ्या राहिल्या. टेबलामागून शिंदेकाकूंनी हाक मारली, नावं न घेता, हळू आवाजात, "चला, पुढे या." रांग एक पाऊल सरकली, आणि आम्ही चौघी सरकलो.